बेळगावहून सकाळी निघून रात्री परत: घाटमाथा, गावं आणि समुद्र, कधी कुठं जावं?

टिळकवाडीत_नवीन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बदलीमुळे पुढची दोन वर्षं बेळगावात राहणार आहोत. आम्ही दोघं, सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात, पंधरा-वीस पायऱ्यांपलीकडे नको), ११ आणि ६ वर्षांची मुलं. गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल. सुट्टी फक्त रविवारची, कधीतरी शनिवारही. मुक्काम करायचा नाही, रात्री नऊपर्यंत घरी परत.

नकाशात सगळं हाताशी दिसतं. आंबोली ७० किमीच्या आत, वेंगुर्ला आणि पणजी सव्वाशेच्या आसपास, गोकाक ६०. पण कुणी म्हणतं समुद्र एका दिवसात होत नाही, कुणी म्हणतं आरामात होतो. म्हणून नेमकं विचारते:

१. समुद्रावर जाऊन त्याच दिवशी परत येता येतं का? कुठल्या किनाऱ्यावर, किती वाजता निघून?
२. आंबोली, तिलारी, चोर्ला, अनमोड यांतला कुठला घाट छोट्या गाडीला बरा?
३. पावसात कुठला धबधबा सासूबाईंना गाडीजवळूनच दिसेल? खानापूरकडच्या धबधब्यांवर बंदी असते म्हणतात, ते काय आहे?
४. उन्हाळ्यात काय करायचं?
५. तीन राज्यांच्या हद्दी ओलांडताना काय काय लक्षात ठेवायचं?

---

कर्यातकर

ताई, अंतर बघून ठिकाण ठरवू नका. महिना बघून ठरवा. बेळगावात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिमी पाऊस पडतो, पश्चिमेला ७० किमीवरच्या आंबोलीत सात हजारांच्या आसपास, आणि पूर्वेला गोकाककडे बेळगावच्या निम्म्याहून कमी. म्हणजे एकाच रविवारी आंबोलीत हात पुढे केला तर दिसत नाही आणि गोकाकात ऊन असतं. जून ते सप्टेंबर घाटमाथा आणि गोकाक, नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र, मार्च ते मे खानापूर-हलशीची देवळं आणि संध्याकाळचे गड, असा ढोबळ हिशेब ठेवा. ऑक्टोबरात कुठंही जा.

आता आंबोली. बेळगावकरांची एक सोय फार जणांच्या ध्यानात येत नाही. बेळगाव घाटमाथ्यावरच आहे. हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी, नागनवाडी, कानूर या वाटेनं आंबोली गावापर्यंत एकही घाट लागत नाही. घाट सुरू होतो तो आंबोली गाव संपल्यावर, सावंतवाडीकडे उतरताना. त्यामुळे आंबोली बघून परत फिरायचं असेल तर गाडीच्या ब्रेकची काळजी नाही, मुलांना उलटीही फारशी होत नाही. काळजी खड्ड्यांची. जुलै-ऑगस्टात पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही, छोट्या गाडीचा टायर बाजूनं फुगतो. निघताना स्टेपनीतली हवा बघा आणि वेग ५० च्या आत ठेवा. पावणेदोन ते दोन तास धरा.

मोठा धबधबा गावाच्या खाली सुमारे ३ किमीवर, घाटातच आहे. जुलै-ऑगस्टातल्या रविवारी दहानंतर तिथं कोल्हापूर, सांगली, गोवा, बेळगाव अशा सगळ्या गाड्या एका अरुंद वळणावर अडकतात. सकाळी आठच्या आत तिथं पोचत असाल तर जा. नाहीतर तो सोडून द्या, काही बिघडत नाही, कारण तुमच्या घरच्या माणसांसाठी याहून चांगली जागा वाटेतच आहे.

ती म्हणजे नांगरतास. आंबोलीच्या अलीकडे सुमारे १० किमी, रस्त्याला अगदी लागून. अरुंद, खोल चिरेत पाणी कोसळतं आणि वरून कठड्यापाशी उभं राहून बघायचं. सासूबाईंना गाडीतून उतरून थोडंच चालायचं आहे. मुलांचा हात मात्र सोडू नका. चिरेच्या काठचा दगड शेवाळलेला असतो आणि खाली पडलेला माणूस काढायला जागाच नाही. कठड्यापलीकडे फोटोसाठी कुणी गेलं तर त्यांच्या मागं जाऊ नका.

दुसरी जागा हिरण्यकेशी. आंबोली गावातून आत सुमारे ५ किमी गाडी जाते, पुढं थोडं सपाट चालणं. गुहेतून नदी उगम पावते, तिथंच देऊळ आहे. याच कुंडात सापडलेली शिस्टुरा हिरण्यकेशी ही छोटी मासळी २०२० साली नवी जात म्हणून नोंदली गेली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ही मासळी फारच लहान जागेत राहते, म्हणून कुंडात साबण, शाम्पू, खरकटं काहीही नको. मुलांना काठावर बसून नुसतं पाण्यात बघायला सांगा.

कावळेसाद हा दरीकाठचा पॉइंट गेळे गावच्या हद्दीत आहे. वारा जोराचा असला की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. वारा नसेल तर हे दिसत नाही, आणि धुकं असेल तर काहीच दिसत नाही. धुकं दाट असलं तरी लगेच परतू नका, अर्धा तास थांबा. पावसात ते वाऱ्याबरोबर येतं-जातं, पाच मिनिटं दरी उघडी होते आणि तेवढीच पुरेशी असतात. पातळ प्लास्टिकचे रेनकोट तिथं फाटतात, छत्री तर टिकतच नाही. जाड रेनकोट आणि गाडीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, एवढं हवंच.

आणि अर्ध्या दिवसासाठी: देवरवाडीचं वैजनाथ मंदिर आणि त्याच्या वरचा महिपाळगड. शिनोळीवरून आत वळलं की जवळच. महिपाळगडावर आजही वस्ती आहे, गाडी थेट वर जाते, खडकात खोदलेली मोठी विहीर आहे. चार वाजता घरातून निघून साडेसातला परत. सासूबाईंना याहून सोपा गड मिळणार नाही. राजहंसगड (येळ्ळूर) तर त्याहून जवळ, १५-१६ किमी. तिथंही वरपर्यंत रस्ता आहे, पण उभा. पहिल्या गिअरवर शांतपणे चढवा.

---

मळेवाड_तिठा

समुद्राचं मी सांगतो. होतो, पण सूर्यास्त समुद्रावर बघायचा हट्ट सोडला तरच होतो.

हिशेब असा. बेळगाव ते आंबोली दोन तास, आंबोली ते सावंतवाडी ३० किमी पण घाटामुळे पाऊण ते एक तास, सावंतवाडी ते मळेवाडमार्गे शिरोडा पाऊण तास. चहा-नाश्ता धरून चार तास. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेनऊला वाळूत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घाट उजेडी चढायचा म्हणजे साडेतीनला शिरोडा सोडायचं, सव्वापाचला आंबोली. तिथं महादेवगड पॉइंटवर सूर्यास्त बघा, समुद्राची कड तिथूनही दिसते, आणि मग दोन तास सपाट रस्ता, साडेआठला घर. समुद्रावर सहा तास मिळाले, सूर्यास्तही झाला, अंधारात घाटही चुकला.

किनारा शिरोड्याचा वेळागर घ्या. सुरूची बाग आहे, सावलीत सासूबाईंना खुर्ची टाकून बसता येतं. वेंगुर्ल्याचा सागरेश्वरही सुंदर, पण मुलं लहान असतील तर वेळागर. तिथून आरवली जवळच. वेतोबाचं देऊळ, नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. उत्साह असेल तर रेडीचा गणपती, १९७६ साली खाणीत सापडलेला, आणि शेजारी यशवंतगड. रेडीला एक तास जातो, म्हणजे समुद्रावरचा एक तास कमी. सगळं एकाच दिवशी कोंबू नका. फेब्रुवारी ते मे गेलात तर शिरोड्याची मिठागरं चालू असतात. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथंही झाला होता, मोठ्या मुलाला दाखवण्यासारखं आहे.

भरती-ओहोटी बघून रविवार निवडा, हे फार महत्त्वाचं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर १५ ची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमी असेल तर सहा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमी-नवमीच्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला पाणी मागं गेलेलं असतं, वाळू घट्ट, मुलांना खेळायला भरपूर जागा. पौर्णिमेला-अमावास्येला उलटं: तुम्ही पोचता तेव्हा पाणी चढत असतं आणि उधाणाचंही असतं. अर्धा तास इकडंतिकडं होतं, पण दिवस निवडायला एवढं पुरतं.

पाण्यात उतरण्याबद्दल. गोव्याच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, सिंधुदुर्गात सगळीकडे असतील असं धरून चालू नका. पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. जिथं दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गढूळ किंवा गडद दिसतंय, तिथून पाणी आत ओढत असतं. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथंच उतरतो. मुलांना गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि मोठा माणूस समुद्राच्या बाजूला, मूल किनाऱ्याच्या बाजूला असं उभं राहा. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जावं, पट्टा ओलांडला की बाहेर येता येतं. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्रात उतरायचंच नाही.

जेवणाचं: जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. ताटात सुरमई-पापलेट आलं तर ते बर्फातलं. त्या दिवसांत खाडीचे मासे, तिसऱ्या किंवा सुकं मागा. गणेश चतुर्थीच्या पहिल्या पाच दिवसांत घरगुती खानावळी बहुतेक बंद, डबा घेऊनच या.

एक चूक हमखास होते. फोनवरच्या नकाशात नुसतं ‘शिरोडा’ लिहिलं तर तो गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याला नेऊ शकतो. ‘केरी’चंही तेच. एक केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी सत्तरीत, अंजुणे धरणापाशी; दुसरी पेडण्यात, तेरेखोलच्या मुखाशी, समुद्रावर. तालुक्याचं नाव जोडूनच शोधा.

---

ब्रेकशू

घाटांबद्दल. ताईंनी चारही नावं एका ओळीत लिहिली आहेत, पण ती एका जातीची नाहीत.

आंबोली: रुंद, चढ मध्यम, एसटी आणि ट्रक रोज चालतात. नवख्या चालकानं इथूनच सुरुवात करावी. पावसात दरडीचा छोटा-मोठा दगड रस्त्यावर येतो, म्हणून डोंगराच्या कुशीला चिकटून थांबू नये.

चोर्ला: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, सुर्ला, मग केरी (सत्तरी), साखळी. पणजीला हा सर्वांत सरळ. वळणं लांब, रस्ता रानातून. धोका दोन गोष्टींचा: धुकं आणि गवे. पहाटे व रात्री गवा वळणावर उभा असतो, त्याच्या अंगावर उजेड परत येत नाही, काळा डांबरी रस्ता आणि काळा गवा एकच दिसतात. हॉर्न वाजवत पुढं सरकू नका, दिवे डिप करून थांबा, तो जातो. जांबोटीनंतर साखळीपर्यंत पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका.

तिलारी (रामघाट): पाटणे फाट्यावरून कोदाळी, तिलारीनगर, मग खाली दोडामार्ग. अंतर वाचतं, म्हणून नकाशा हाच दाखवतो. पण उतार फार उभा आणि वळणं केसाच्या चापासारखी. पाच माणसं भरलेली छोटी गाडी उतरताना ब्रेक तापतात, चढताना वळणावर गाडी बंद पडून मागं सरकते. चांगला हात असलेल्या माणसानं, कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी जायला हरकत नाही. तुमच्यासाठी मी नको म्हणेन. तिलारीनगरपर्यंत वरूनच जाऊन स्वप्नवेल पॉइंट बघून परत फिरणं हा मात्र छान अर्धा दिवस आहे.

अनमोड: खानापूर, लोंढा, रामनगर, मग मोलें. दूधसागरची जीप जिथून सुटते ते कुळें याच बाजूला. पावसाळ्यात हा रस्ता खचण्याच्या बातम्या येतात, आदल्या दिवशी चौकशी करा.

उतरताना नियम एकच. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक ठिकाणी दुसरा, तिलारीत पहिला. गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचत नाही, फक्त ब्रेक जातो. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर रुंद जागा बघून थांबा, चाकाला दगड लावा, अर्धा तास गाडी तशीच ठेवा. गरम डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते किंवा तडकते. ब्रेक तापलेले असताना हँडब्रेकही ओढू नये, गाडी गिअरमध्ये आणि दगडावर ठेवा.

धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. लो बीम, काच अर्धा इंच खाली, आणि चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही वळणार कुठं ते कळत नाही. आतून काच धूसर झाली की एसी लावा आणि हवा बाहेरून घ्यायची कळ उघडा. नुसता कापड फिरवून दोन मिनिटांत परत तेच होतं.

---

मलप्रभाकाठ

खानापूर तालुक्याबद्दल लिहिते.

बंदीचं खरं आहे. जोराच्या पावसात वनखातं इथल्या बऱ्याच धबधब्यांवर जाणं बंद करतं. वज्रपोहा, चिखले ही नावं तुम्ही ऐकली असतील. दोन्ही रानातल्या वाटेनं, परवानगीनंच. याचं कारण कुणी नीट सांगत नाही म्हणून लोक वैतागतात. धबधब्यावर ऊन असतं, पण वरच्या खोऱ्यात दोन तासांपूर्वी पडलेला पाऊस नंतर पोचतो आणि पाणी काही मिनिटांत गुडघ्यापासून छातीपर्यंत चढतं. पाणी अचानक मातकट झालं, त्यात पालापाचोळा-काटक्या आल्या, आवाज बदलला, तर कुठल्याही ओढ्यातून लगेच बाहेर या, पलीकडच्या तीरावरचं सामान तिथंच राहू दे. तुमच्या घरच्या मंडळींना हे दोन्ही धबधबे नकोतच.

दूधसागरला कॅसलरॉकहून रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी ‘सगळे जातात’ म्हणालं तरी जाऊ नका. कॅसलरॉक ते कुळें या उतारावर चढ ३७ ला १ आहे, गाड्यांना जादा इंजिनं लागतात, अरुंद बोगद्यात उभं राहायला जागा नसते. गोव्याला जाणाऱ्या गाडीतून दूधसागर दिसतो, तो खिडकीतूनच बघा. जवळून बघायचा तर पाऊस संपल्यावर कुळेंहून जीप.

सासूबाईंसाठी कणकुंबी. मलप्रभेचा उगम माउली देवीच्या देवळापाशी, गाडी जवळ जाते. इथलं पाणी पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं आणि जरा पलीकडचं पाणी म्हादई नदीतून गोव्यात उतरतं. कळसा-भंडुरा हा पाण्याचा वाद वर्तमानपत्रात वाचतो ना, त्यातला कळसा नाला इथलाच. मुलाला नकाशा हातात देऊन दाखवा, शाळेत शिकलेला जलविभाजक पायाखाली असतो. येताना हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती, नदीपात्रातच. मोठ्या पुरात देऊळ पाण्याखाली जातं, म्हणून तो ऑक्टोबरनंतर.

उन्हाळ्यासाठी, मार्च-एप्रिल, हे वर्तुळ करा: बेळगाव, खानापूर, नंदगड, हलशी, बिडी, कित्तूर, देगाव, आणि महामार्गानं परत. सकाळी साडेसहाला निघा. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी (२६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिलं). हलशी ही गोव्याच्या कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आधी एका मूर्तीकडे बघून मग मागं वळायचं, हे माहीत नसेल तर दुसरी मूर्ती बघायचीच राहते. दहाच्या आत गेलात तर आतला दगड थंड असतो. कित्तूरला राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष, आणि तिथून पाच-सहा किमीवर देगावचं कमलनारायण मंदिर. बाराव्या शतकातलं, कदंब राणी कमलादेवीनं बांधवून घेतलेलं, तीन गाभारे, छताचं कोरीवकाम बघायला मान वर करून वेळ काढा. वरच्या दादांनी शिरोडा-केरीचं सांगितलं तसं इथंही आहे: म्हादईच्या उगमाचं देगाव वेगळं, ते भीमगडच्या जंगलात. नकाशात ‘देगाव, कित्तूर’ असंच टाका.

खानापूर रस्त्यावर गणेबैलला आणि कित्तूरकडून येताना हिरेबागेवाडीला टोल आहे, फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. २३ ते २५ ऑक्टोबर कित्तूर उत्सव, त्या दिवसांत गर्दी.

---

टिळकवाडीत_नवीन

सगळ्यांचे मनापासून आभार. तिथीचा हिशेब लगेच वहीत उतरवला. दोन शंका: गोकाकचा धबधबा नेमका कधी भरलेला असतो? गेल्या जूनमध्ये गेलेल्या शेजाऱ्यांना नुसता खडक दिसला म्हणे. आणि मार्चनंतर दोडामार्ग-सत्तरीच्या रानात माकडतापाचं काय?

---

घटप्रभा_फाटा

गोकाकात पाऊस पडला म्हणून धबधबा भरत नाही. घटप्रभेचं पाणी येतं चंदगडकडून, आणि वाटेत हिडकलचं धरण आहे. आधी धरण भरतं, मग पाणी सोडतात. धरणाच्या खाली धुपदाळच्या बंधाऱ्यावर कालव्याला पाणी वळतं, उरलेलं कड्यावर येतं. म्हणून जूनमध्ये खडक दिसतो. जुलैअखेर ते सप्टेंबर जा, आणि ‘हिडकलमधून विसर्ग’ अशी बातमी आली की त्याच रविवारी जा. ५२ मीटर उंचीवरून लालसर पाणी पडतं, गिरणीच्या बाजूनं रस्त्याजवळूनच दिसतं, सासूबाईंना चालायला लागत नाही. झुलता पूल चालू-बंद असतो, त्यावर बेत आखू नका. १८८७ साली इथं वीज तयार झाली होती, ते जुनं वीजघर खाली आहे, पण पायऱ्या पुष्कळ. कड्याच्या वरच्या सपाट खडकावर पाणी कमी असतानाही फिरू नका, धरणातून पाणी कधी वाढेल ते तिथं कळत नाही. येताना करदंट ही इथली मिठाई घ्या. गोडचिनमलकीचा धबधबा मार्कंडेय नदीवर, जवळच, पण तिथं चालावं लागतं, मुलांना घेऊन तुम्ही दोघंच जा.

मे महिन्यात हिडकलचं पाणी उतरलं की बुडालेलं विठ्ठलाचं दगडी देऊळ उघडं पडतं. किती उघडं ते धरणातल्या पाण्यावर. चिखल वरून वाळलेला दिसतो आणि खाली ओला असतो, गाडी काठावर नेऊ नका.

---

मळेवाड_तिठा

माकडताप गोचिडीमुळे होतो. दोडामार्ग आणि सत्तरीत गेल्या दहा वर्षांत रुग्ण निघाले आहेत, जोर जानेवारी ते मे, म्हणजे काजूच्या हंगामात. डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्याला भीती नाही. रानातल्या पालापाचोळ्यावर सतरंजी टाकून डबा खायचा नाही, मुलांना काजूच्या बागेत मोकळं सोडायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, मुलांच्या काखा, मांडीचे सांधे, कानामागं तपासा. गोचीड चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढायची, चिरडायची नाही. नंतरच्या दहा-बारा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘दोडामार्गच्या रानात गेलो होतो’ हे आधी सांगा, बेळगावात ते आपणहून विचारतीलच असं नाही.

पावसातल्या जळवा त्रासदायक, पण धोकादायक नाहीत. ओढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, गळून पडते. तिलारी-चंदगड पट्ट्यात २००२ पासून रानटी हत्ती आहेत. सूर्यास्तानंतर तिलारीनगरच्या आडवाटांवर थांबू नका.

---

कर्यातकर

पाचवा प्रश्न राहिला. गाडी खासगी असल्यानं हद्दीवर कर-परवाना काही नाही. विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं, पण शिनोळी-कणकुंबीकडे रेंज जाते, म्हणून आधी उघडून ठेवा. गोव्याची दारू परवान्याशिवाय आणू नका, नाक्यावर डिकी उघडायला लावतात आणि एका बाटलीसाठी अख्खा दिवस जातो. पेट्रोल गोव्यात आणि कर्नाटकात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडत आलं आहे, बेळगावातूनच टाकी भरून निघा.

बसनं जायचं झालं तर: कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास राज्याच्या आतल्या साध्या बसलाच, आंतरराज्य गाडीला नाही. एसटीतली महिलांची अर्धी सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. सीमाप्रश्नावरून काही घडलं की दोन्हीकडच्या बस सगळ्यात आधी बंद होतात, तेव्हा परतीचा पर्याय ठेवूनच निघा. १ नोव्हेंबरला मराठी भाषकांचा काळा दिवस आणि कर्नाटक राज्योत्सव दोन्ही, शहरातून बाहेर पडायचं असेल तर सकाळी सातच्या आत. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलग्याजवळ महामार्गावर बंदोबस्त असतो, कित्तूरची फेरी त्या दोन आठवड्यांत नको.

अडचण आली तर ११२. पण हद्दीवर फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागू शकतो आणि पलीकडून कन्नड किंवा कोकणी ऐकू येईल. घाबरून फोन ठेवू नका. आधी राज्य, मग तालुका, मग गाव, मग मागं गेलेला शेवटचा किलोमीटरचा दगड, या क्रमानं सांगा. त्यासाठी घाटात शिरताना मोठ्या मुलाला एकच काम द्या: रस्त्याकडेच्या दगडावरचा आकडा वाचून वहीत लिहीत राहायचं.